लिंबाच्या फोडीचं चाक

काय तोंडानं सांगू, पण सांगतो. चहा संपेपर्यंत हसायचं नाही, एवढीच अट.

इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून मी कुंडलला घरी बसलोय. घरी बसलेल्या पोराला कुणीही यावं आणि विचारावं, "मग, पुढं काय?" ज्यांचं स्वतःचं पुढं कधी काही झालं नाही, ते तर सगळ्यात आधी! वीट आलाय हो.

तर वहिनीनं एक काम शोधून आणलं. पलूसला लहान पोरांची शाळा निघालेली, चित्रकलेला माणूस हवा होता. सोमवारी दहाला जायचं आणि घरातल्या वस्तूंनी रंगकाम करून दाखवायचं. एवढं जमलं की घरातनं सुटका!

रविवारी दुपारी पुतणीला, चार वर्षांच्या चिऊला, घेऊन सराव केला. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की फूल. बटाट्याचा तारा. लिंबाच्या फोडीचं चाक तर लय भारी! पिवळ्याला हळद, निळ्याला नीळ, लालला देव्हाऱ्यातलं कुंकू. मग दमून झोपलो.

उठलो ते आरडाओरड्यानं. उंबऱ्यावर कुंकू माखलेली लिंबाची फोड, आणि तिच्यापासून चार हात लांब आमचे वडील, आण्णा. वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस!

"करणी केली! तात्यानंच! विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरनं खुन्नस हाय त्येला!"

तात्या म्हणजे शेजारी राहणारे माझे सख्खे चुलते. मी "आवं, थांबा" म्हणेपर्यंत आण्णा त्यांच्या दारात जाऊन शिव्या घालून आलेसुद्धा.

"आवं, चिऊनं टाकलीय ती. ठसे काढत होतो आमी."

"कुकवानं? आनि लिंबानं?"

"मग काय झालं? फौजी माणूस लिंबाला भितोय! एकविसावं शतक हाय, आण्णा! तुमच्यासारख्यांमुळंच गाव मागं राहिलंय!"

अर्धा तास त्यांना झापलं. सगळ्या फोडी गोळा करून माझ्या हातानं उकिरड्यावर फेकल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

सोमवारी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आलो. गाडीच्या सीटवर लिंबाची फोड. कुंकू. बाजूला तीन लाल डाग.

फोडी तर मी फेकल्या होत्या. कालच्या शिव्यांनी तात्या पेटलेले. आणि नेमकी अमावस्या! चिऊचं नाव डोक्यात यायला डोकं जागेवर लागतं.

"आण्णा, मी एसटीनं जातो. गाडीत पेट्रोल न्हाई."

"कालच टाकी भरलीय की रं!"

ऐकायला मी थांबलोच कुठं? एसटी आली सव्वादहाला. पोचलो तर दुसऱ्याला घेतलेलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "वेळ पाळता येत नाही, मुलं काय सांभाळणार?"

परत आलो. फोड जागच्या जागी, शेजारी चिऊ.

"काका, तुझ्या गाडीवर चाक काढलं! मम्मीनं नवीन लिंबू दिलं. पण सीट काळी हाय, नीट उमटलंच न्हाई. बघितलंस का?"

"बघितलं."

पायरीवर बसलेले आण्णा सावकाश उठले. दोन बोटांत फोड उचलली, पंच्यानं सीट पुसली, किल्ली फिरवली.

"पेट्रोल हाय. बस मागं," ते म्हणाले. "कुठल्या शतकात सोडू?"