शेळीला सांगितलेलं

भंगाराच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकायची ती ही, की माल दाखवण्याआधी समोरच्याचा वजनकाटा तपासायचा. मी रोह्याला गोडाऊन टाकलं तेव्हा एक हातगाडी आणि मोठा आवाज एवढंच माझं भांडवल होतं. कंपन्यांच्या गेटवर बसून जुन्या टाक्या, पाइप, जळालेल्या मोटारी घेत घेत वर आलो. भाव करताना हा सख्ख्या बापालाही सोडणार नाही, असं बाजारात माझ्याबद्दल म्हणतात, आणि ते खरं आहे. पण मला जी एक गोष्ट हवी होती ती कुठल्याच भावाला मिळाली नाही. माझ्या आईशी तिच्या गावातल्या कुणीतरी तोंडावर दोन शब्द बोलावेत, एवढीच ती गोष्ट.

आमचं गाव रोह्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी. खारं पाणी अडवणारा बांध सगळ्यांनी मिळून घालायचा, तो फुटला की हातातलं टाकून सगळ्यांनी धावायचं, असं ते गाव. एकट्याचं तिथं काही चालत नाही, म्हणून गावकीचा शब्द मोठा. कंपनीला जमिनी द्यायची वेळ आली तेव्हा गावकीनं देवळात बसून सगळ्यांच्या वतीनं एकच भाव ठरवला. मी उठून म्हणालो, "माझ्या जमिनीचा भाव मी करीन. दलाल पंचांचा मेव्हणा हाय, ते काय मला दिसत नाय?" त्यातलं एक अक्षर मला आजही मागं घ्यावंसं वाटत नाही. पुढच्या बैठकीत आमचं घर वाळीत टाकलं.

मी तोवर पेणला, रामवाडीत राहायला गेलो होतो. वडील कधीच गेले होते. म्हणजे वाळीत पडली ती एकटी आई.

वाळीत टाकणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला लवकर पटत नाही. कुणी मारत नाही, दार फोडत नाही. दुकानदार समोर बघून न बघितल्यासारखं करतो. बारशाचं बोलावणं शेजारच्या घरापर्यंत येतं आणि तिथूनच वळतं. मयताला खांदा द्यायला कुणी येत नाही. आणि जो बोलेल त्याला गावकीचा दंड. मी दर आठवड्याला तांदूळ, तेल, औषधं पोचवायचो आणि दर वेळी म्हणायचो, पेणला चल. आई म्हणायची, "मी गेली तर त्यांचं खरं व्हईल."

शेजारच्या काकीनं आणि आईनं उभा जन्म एका बांधावर काढला होता. एकीनं चिखल द्यायचा, दुसरीनं थापायचा. काकीचा मुलगा गावातच नांदणारा, तिला दंड परवडणारा नव्हता. म्हणून तिनं एक तोड काढली. आमच्या अंगणाला लागून तिची शेळी बांधलेली असायची. काकी तिच्यासमोर उभी राहून मोठ्यानं बोलायची.

"काय गो शेळे, काल चूल पेटली नाय तुजी? ताप हाय का?"

आतून आई भिंतीला सांगायची, "उतरला म्हनावं."

"आनि खाडीतल्या चिंबोऱ्या धाडल्यात कुंपनाखालनं. खा, नायतर मांजर खाईल."

यावर पंचांना काही करता येईना. शेळीशी बोलू नये असा ठराव झालेला नव्हता. आई हसायची. म्हणायची, "गावात एक शेळीच काय ती भाग्याची, तिला सगली इचारतात." मग हसू ओसरलं की हळूच म्हणायची, "येकदा माज्याकडं बघून 'गो बाय' म्हन म्हनावं तिला. बस झालं."

मी सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. अशा वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा आहे, हे त्यांनीच मला सांगितलं. मग म्हणाले, "साक्षीदार आणा." ज्या गावात बोलायलाच बंदी आहे तिथून बोलणारा माणूस आणायचा होता. पंचांनी लिहून दिलं, आम्ही कुणाला मना केलेलं नाही, लोक आपणहून बोलत नसतील. साहेबांनी फाइल मिटली. "गावचा मामला आहे हो. आपसात मिटवा." मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की शिपाई आत आला.

त्यानंतर एका दुपारी, ज्यांचा मेव्हणा दलाल होता ते पंच माझ्या गोडाऊनवर आले. रोह्यात मोर्चा निघणार होता, म्हणून दुकानं बंद ठेवा सांगत फिरत होते.

मी म्हणालो, "माज्याशी बोलताय? दंड बसंल तुमाला."

"ती गावकी गावात. हे देशाचं काम." ते टाकीवर बसले. "शेजारच्या देशात आपल्या लोकांचे हाल चाललेत. दुकानातनं तांदूळ देत नायत. इहिरीवर येऊ देत नायत. रस्त्यात कोन त्यांच्याशी बोलत नाय. मानुसकी म्हनून काय चीज हाय का नाय?"

"माज्या आईला कोन देतो तांदूळ?"

"ते येगलं. तो गावचा मामला."

हातातला पाना मी भिरकावला. त्यांना लागला नाही, मागच्या पत्र्यावर आदळला. लागायला हवा होता असं अजून वाटतं.

मोर्चाच्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभा राहून भाषणं ऐकली. पंचांचं सगळ्यात जोरात झालं. सरकारनंही त्या देशाला खडसावलं आहे, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. सकाळीच टीव्हीवर मी ऐकलं होतं. तिकडच्या लोकांविषयी जे जे बोललं गेलं त्यात एक शब्द खोटा नव्हता. त्याचाच मला जास्त राग आला. खोटं असतं तर हसून घरी गेलो असतो.

पुढं आईचं दुखणं छातीत गेलं. तिला जवळजवळ उचलूनच मी पेणला आणलं. ती रामवाडीत माझ्या घरी असतानाच टीव्हीवर एक बातमी आली. लांबच्या एका मोठ्या देशाच्या सरकारनं आपल्या देशावर टीकेचा अहवाल काढला होता आणि त्यात आमच्या जिल्ह्यातल्या वाळीत टाकण्याचाही उल्लेख होता. आपल्या सरकारचा माणूस इस्त्रीच्या कोटात उभा राहून सांगत होता, ही आमची अंतर्गत बाब आहे, ज्यांचे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत त्यांनी आम्हाला शिकवू नये.

"काय म्हनतो रं?" आईनं विचारलं.

"गावचा मामला हाय म्हनतो."

"म्हंजे आपल्या पंचासारका." ती उशीवर जरा वर सरकली. "आनि ती लिवनारी लोकं? ती चांगली हायत?"

"कसली चांगली? दुसऱ्यांच्या घरांवर बॉम्ब टाकनारी. त्यांचा काटाच खोटा."

तिनं पुन्हा टीव्हीकडं बघितलं. मग म्हणाली, "तुजं लोखंड खोट्या काट्यावर टाकलं, तर त्याचा कापूस व्हतो का रं?"

मी टीव्ही बंद केला. जन्मभर मी समोरच्याचा काटा खोटा ठरवून सौदे मोडत आलो होतो, आणि त्या कोटातल्या माणसाचंही तेच चाललं होतं. त्यांचे हात स्वच्छ नाहीत हे त्याचं म्हणणं खरं होतं, अहवालही खरा होता, आणि या दोन खऱ्यांत माझी आई कुठंच नव्हती.

"पन मला त्यांचं बोलनं नको," ती म्हणाली. "लांबचं मानूस बोललं काय नि नाय काय. दारातल्यानं बोलावं. मला घरी ने."

डॉक्टर नको म्हणत असतानाही मी तिला घरी नेलं. गाडीतून उतरताना तिनं आधी कुंपणाकडे बघितलं. तिथं नुसता खुंटा होता. काकीचंही दार बंद होतं. आई विचारत राहिली, "शेळी का वरडत नाय?" मी म्हणालो, चरायला गेली असेल. पावसाळ्यानंतर शेळी दगावली, हे वाटेतच दुकानाबाहेरच्या लोकांच्या आपसातल्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं होतं. आता काकीला बोलायला निमित्त उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई गेली.

खांद्याला माझी गोडाऊनची माणसं आली, परमुलखातली, तिला एकदाही न बघितलेली. तिरडी बांधायची कशी, हे गावात सगळ्यांना येतं. आम्ही चौघांनी चार तऱ्हेनं दोऱ्या बांधल्या. निघताच आळीतली दारं एकामागून एक बंद होत गेली. समोरच्या देवळाच्या पायरीवर पंच बसले होते, ते मोबाइलमध्ये बघत राहिले.

काकी मात्र तिच्या अंगणात त्या खुंट्याजवळ येऊन उभी राहिली. पदर तोंडात धरलेला. तिरडी समोर आली तेव्हा तिनं पदर काढला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "गो बाय, सांबालून जा गो."

खुंट्याला नुसतं दावं होतं. देवळाच्या पायरीवरून पंचांनी मान वर केली. काकी त्यांच्याकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघत होती. आम्ही क्षणभर थांबलो. मग मागच्या माणसाचा खांदा भरून आला, आणि आम्हाला पुढं निघावं लागलं.