मिशीवरचं मेण

डॉक्टरांच्या काळ्या मोटारीवरचा ओरखडा माझ्या छत्रीचा होता आणि मी गप्प बसलो. मोटारीच्या पायरीवर चढायची सवय ड्रायव्हरच्या शेळीला होती, म्हणून आळ तिच्यावर आला.

शुक्रवार पेठेत आमच्या समोर राहणारा हा ड्रायव्हर मोटारीला लावायचं मेण आधी स्वतःच्या मिशीला लावून उन्हात बसे. एका बाजूला विलायती डब्यातलं, दुसऱ्या बाजूला घरी टर्पेंटाईनमध्ये विरघळवलेलं. जिकडे धूळ कमी बसेल, ते मेण मोटारीला. त्या दिवशीही अर्धी चकचकीत, अर्धी मातकट मिशी घेऊन तो ओरखडा घासत होता आणि शेळीला सुनावत होता, "लई माजलीस की! डाक्टरसायेब म्हनत्यात, इकून टाक. जा आता उद्या वैरागच्या बाजारात." बोलता बोलता दुसऱ्या हाताने तो तिची मान खाजवत होता.

"शेळी विकू नकोस," मी म्हणालो. "ओरखडा माझ्या छत्रीने पडलाय. डॉक्टरांना आत्ता जाऊन सांगतो. मला माफ कर."

त्याचं फडकं थांबलं नाही. "माजी माफी कशाला, मास्तर? रोज शिव्या तिनं खाल्ल्यात. तिची मागा की."

मी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, छत्री खाली ठेवली आणि शेळीपुढे हात जोडले.