मामांचं हंगेरियन

माझ्या मामांना हंगेरियन भाषेचं एक अक्षरही येत नाही. ही गोष्ट जपानातल्या नागोयात आज कुणीही मानायला तयार नाही.

मामा म्हणजे अरुणमामा. राहतात कोथरूडला. तरुणपणी त्यांच्या कारखान्यानं त्यांना एकदाच युरोपात पाठवलं होतं, तेव्हापासून त्यांचं अर्धं आयुष्य हंगेरीत गेलं. म्हणजे बोलण्यात! समोर पोहे आले की, "आम्ही हंगेरीत असताना नाश्त्याला..." कुणाचं लग्न ठरलं की, "हंगेरीत मुली कशा असतात, माहितीये?" (इथं मामी हमखास पातेलं आपटायच्या, त्यामुळे हंगेरीत मुली कशा असतात हे आम्हाला अजून कळलेलं नाही.)

तर हे मामा महिनाभरासाठी आमच्याकडे नागोयाला आले. मी इथं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. तेव्हा मी कंत्राटावर होतो, आणि मला कायम करायचं की पुण्याला परत पाठवायचं हे आमचे विभागप्रमुख ओकुदा-सान ठरवणार होते. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "कंपनी हंगेरीत कारखाना काढायचा विचार करतेय. पण आपल्यात हंगेरीची माहिती असलेलं कुणीच नाही."

माझी जीभ माझ्या आधी जागी होते. मी म्हणालो, "माझे मामा हंगेरीत राहून आलेत!"

ओकुदा-साननी काड्या खाली ठेवल्या. आमच्या ऑफिसात भूकंपाशिवाय कुणी जेवताना काड्या खाली ठेवत नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक सहल शोधून काढली. रविवारी दुपारी, वाटाड्याबरोबर शहरातल्या ओसु भागाच्या गल्ल्यांतून हिंडायचं आणि एकामागून एक चार बारमध्ये हंगेरियन पेयं चाखायची. अशा फिरत्या पिण्याला जपानीत 'हाशिगो' म्हणतात. हाशिगो म्हणजे शिडी. एक पायरी झाली की दुसरी. (उतरायचं कसं, याला जपानीत शब्द नाही.)

"मामांना विचारलंस का?" माझ्या बायकोनं, शलाकानं विचारलं.

"त्यात काय विचारायचं? हंगेरी म्हटलं की ते चपला घालून तयार!"

मामा तयार झाले नाहीत. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "निन्या, तिथं खरे हंगेरियन लोक असतील का रे?"

"छे हो मामा, सगळे जपानी!"

"मग येतो," मामा म्हणाले आणि चष्मा घातला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी मी, शलाका आणि मामा सबवे स्टेशनवर पोहोचलो, तर बाहेर ओकुदा-सान धरून दहा-बारा जण जमले होते. आमचा वाटाड्या मोरिया-सान म्हणजे पासष्टीचा, किडकिडीत, कमालीचा भावुक माणूस. हंगेरीवर त्याचं आयुष्यभराचं प्रेम. गेला मात्र कधीच नव्हता. त्याच्या हातात लाल-पांढरा-हिरवा झेंडा होता.

"अरे वा, आपलाच झेंडा की!" मामा खूष झाले. "फक्त चक्र विसरलेत."

मी त्यांना बाजूला ओढलं. "मामा, तो हंगेरीचा झेंडा आहे."

"हो का?"

"मामा, तुम्ही हंगेरीत नक्की किती दिवस होता?"

मामांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दिवस असं नाही रे. आम्ही जर्मनीला चाललो होतो. धुकं पडलं म्हणून विमान तिथं उतरवलं. धुकं निवळलं की उडालं परत."

"म्हणजे तुम्ही विमानातून उतरलात तरी का?"

"खिडकीशी बसलो होतो ना! सगळं दिसत होतं."

"काय दिसलं?"

"धुकं," मामा म्हणाले.

एवढ्यात मोरिया-साननी आम्हाला पहिल्या बारमध्ये लोटलं. आगपेटीएवढी जागा, सगळे उभे, हातात इवलेसे पेले आणि पेल्यांत फळांची दारू. वास घेऊनच माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मोरिया-साननी मामांची ओळख करून दिली. सगळ्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. मग एका बाईंनी विचारलं, "हंगेरीची कुठली आठवण सर्वांत जवळची?"

मामांनी केविलवाण्या नजरेनं माझ्याकडं पाहिलं. आता निदान खोटं तरी बोलायचं नाही, असं मी ठरवलं. म्हणालो, "तिथलं धुकं. ते अजून त्यांच्या डोळ्यांसमोर आहे."

"आऽऽऽ!" अख्ख्या बारनं उसासा टाकला. ओकुदा-साननी चक्क डोळे मिटले. जपानी माणसाला तुम्ही धुकं दिलंत की तो तुमचा झाला!

मग मोरिया-साननी पेला उंचावून हंगेरियन 'चिअर्स' शिकवला. तो शब्द लांबलचक आहे. एगेश्शेगेद्रे! सगळ्यांच्या जिभांना गाठी पडल्या. "सेन्सेई, तुम्ही म्हणून दाखवा ना!" त्यांनी मामांना विनवलं. सेन्सेई म्हणजे गुरुजी. मामांना जे ऐकू आलं ते त्यांनी ठणठणीत आवाजात म्हटलं, "एक शेगडी दे रे!"

मोरिया-सानच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "हाच! हाच तो अस्सल उच्चार! मी इतकी वर्षं चुकीचा करत होतो!"

"आणखी काहीतरी बोला ना हंगेरियनमध्ये!" ओकुदा-सान म्हणाले.

"निन्या, मला घरी ने," मामा म्हणाले.

"काय म्हणाले?"

माझी नोकरी माझ्या डोळ्यांसमोर तरंगत होती. "म्हणाले, अगदी घरी आल्यासारखं वाटतंय."

"निनाद! लाज वाटत नाही?" शलाका कडाडली. मराठीत, अर्थातच.

"ओकुसानसुद्धा हंगेरियन बोलतात!" ओकुदा-सान थक्क झाले. ओकुसान म्हणजे तुमच्या सौभाग्यवती. "निनाद-सान, तुम्ही हे ऑफिसात कधी सांगितलं नाहीत! किती हा विनय!"

इथून पुढं आमची फार पंचाईत झाली. एकमेकांत कुजबुजायची सोयच उरली नाही. आम्ही तोंड उघडलं की सगळे कान टवकारायचे. मामांना मात्र दोन पेल्यांत धीर आला. तिसऱ्याला त्यांनी हात पुढं केला तेव्हा शलाकानं तो धरला. "मामा, पुरे!"

"पुरे?" मोरिया-साननी झडप घातली. "हा त्याच शब्दाचा छोटा प्रकार का?"

शलाकानं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. "हो," मी म्हणालो.

झालं! दुसऱ्या बारमध्ये शिरता शिरताच सगळी मंडळी पेले उंचावून ओरडली, "पुरेऽऽ!" आणि पेले रिकामे. पुन्हा भरले, पुन्हा "पुरेऽऽ!" तिथं एक काळीकुट्ट, कडूजहर दारू होती. ती पिऊन जपान्यांची तोंडं वाकडी झाली. मामा मात्र मिटक्या मारत म्हणाले, "अरे, हा तर आमच्या वैद्यांचा काढा! पोट साफ होईल बघ." आणि त्या काढ्याच्या भरात त्यांनी सगळ्यांसमोर आपल्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची कहाणी लावली. टाकी कशी गळते, सेक्रेटरी कसा ऐकत नाही, चौथ्या मजल्यावरचा कुलकर्णी मोटर कशी चोरून लावतो. हातवारे करून! घामाघूम होऊन!

"काय सांगताहेत?" ओकुदा-साननी माझी बाही धरली.

"जुनी दंतकथा आहे," मी म्हणालो. "एका आटलेल्या नदीची. आणि एका दुष्ट सरदाराची."

"सरदाराचं नाव?"

"कुलकर्णी," माझ्या तोंडून गेलं.

"कुरुकारुनी," सगळ्यांनी खिन्नपणे मान हलवली.

तिसऱ्या बारच्या दाराशी मोरिया-सान थांबले. चेहरा आनंदानं फुललेला. "आता तुमच्यासाठी एक आश्चर्य! आत एक खरेखुरे हंगेरियन गृहस्थ तुमची वाट बघताहेत!"

मी हे मामांना सांगताच त्यांनी माझा दंड इतक्या जोरात आवळला की त्याचा वळ मंगळवारपर्यंत होता. "निन्या, तू म्हणाला होतास सगळे जपानी!"

आत भरघोस मिशांचा, भरतकाम केलेलं जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस उभा होता. इश्त्वान. त्यानं दोन्ही हात पसरले आणि मामांकडं बघत लांबलचक काहीतरी म्हटलं. सगळे मामांकडं बघू लागले. ओकुदा-सान तर टाचा उंचावून. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. पुण्याची घरभाडी आठवली. मुलीची शाळा आठवली.

मामांनी घसा खाकरला. मग छाती पुढं काढून म्हणाले, "हे बघा, तुमचं चालू द्या. आम्ही निघतच होतो."

इश्त्वान क्षणभर थिजला. आणि मग त्यानं झेप घेऊन मामांना मिठीच मारली! पुढची दहा मिनिटं दोघं बोलत होते. तो एक वाक्य बोलायचा, मामा "हो, हो, अगदी बरोबर" म्हणायचे. मामा कुलकर्ण्याबद्दल बोलायचे, तो कपाळावर हात मारायचा. मोरिया-सान रुमालानं डोळे टिपत होते.

"निनाद," शलाका पुटपुटली, "मामांना खरंच येतं की काय?"

मला काहीच सुधरेना. मी तोंडावर पाणी मारायला मागं गेलो, तर इश्त्वान माझ्यामागं आला आणि त्यानं माझे हातच धरले. "कृपा करून कुणाला सांगू नका," तो भेदरलेल्या जपानीत म्हणाला. "मी ब्राझीलचा आहे! इथं कारखान्यात काम करतो. मोरिया-सानला हंगेरियन माणूस मिळेना, रडकुंडीला आला होता बिचारा. मी पोर्तुगीज बोलत होतो. तुमच्या मामांनी ओळखलंच असणार, पण किती मोठ्या मनानं सांभाळून घेतलं! आणि काय सुंदर हंगेरियन बोलतात हो!"

"हो, लहानपणापासूनच," मी म्हणालो.

बाहेर आलो तर मामा माझ्या कानात म्हणाले, "देवमाणूस आहे रे हा इश्त्वान! मला काही येत नाही हे त्याला पहिल्या फटक्यात कळलं असणार. पण चारचौघांत एका शब्दानं उघडं पाडलं नाही. हंगेरियन माणसं अशीच. मी सांगायचो ना तुम्हाला!"

चौथ्या बारमध्ये गोड, सोनेरी वाइन होती. तिथं ओकुदा-सान एकदम गंभीर झाले. पेला बाजूला ठेवून त्यांनी मामांना वाकून विचारलं, "सेन्सेई, मोकळेपणानं सांगा. आम्ही हंगेरीत कारखाना काढावा का?"

हे मात्र फार झालं. एका अख्ख्या कारखान्याचा प्रश्न होता. मी ठरवलं, आता मामा जे बोलतील ते शब्द न् शब्द सांगायचं. भाषांतर म्हणजे भाषांतर.

मामा तोवर पुन्हा टाकीत उतरले होते. "त्यांना म्हणावं," ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "आधी पाण्याचं बघा! पाण्याचं पक्कं झाल्याशिवाय एक वीट रचू नका. आणि वरच्या मजल्यावर कोण राहतं याची चौकशी करा."

मी तसंच्या तसं सांगितलं. ओकुदा-सान सुन्न झाले. "आमच्या एवढ्या बैठका झाल्या," ते हळूच म्हणाले, "पाण्याचा विषय एकानंही काढला नाही!"

सोमवारी सकाळी मी थेट त्यांच्या टेबलाशी गेलो. रात्रभर झोप लागली नव्हती. म्हटलं, होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. "ओकुदा-सान, मला हंगेरियन येत नाही."

ते हसले. "नाही नाही, उत्तम येतं."

"खरंच येत नाही हो. काल आम्ही बोलत होतो ते मराठी होतं. आमची मातृभाषा."

"बघा," ओकुदा-सान शेजारच्याला म्हणाले, "जी भाषा येते तिला हे मातृभाषा समजतात. याला म्हणतात निष्ठा!"

आता जपानी माणसाची रीत अशी की, 'मला काही येत नाही' असं जो म्हणतो त्याला सगळं येतं, असं धरून चालायचं. त्यामुळं मी जितका नाकारत गेलो तितकं माझं हंगेरियन सुधारत गेलं! आठवडाभरात मला कायम केल्याचं पत्र आलं. सोबत हुकूम : हंगेरीला जाणाऱ्या तुकडीला रोज जेवणाच्या सुट्टीत भाषा शिकवायची.

"मग काय शिकवणार आहेस?" शलाकानं विचारलं.

"जे येतं ते," मी म्हणालो.

मामा पुण्याला परतले. मी शिकवत राहिलो. ओकुदा-सान पहिल्या बाकावर. गृहपाठ चोख. तीन महिन्यांत माणूस 'ळ' म्हणायला लागला. 'मी काल कारखान्यात गेलो होतो' आणि 'मी उद्या कारखान्यात जाईन' यांत त्यांची कधी गल्लत झाली नाही. विभक्ती तर अशा धडाधड म्हणायचे की माझ्याच छातीत धडधडायचं.

गेल्या महिन्यात तुकडी बुडापेस्टला गेली. पोहोचल्यावर ओकुदा-सानचा फोन आला. मी सोफ्यावरून उठून उभाच राहिलो. शलाकानं शेजारी पाण्याचा पेला आणून ठेवला.

"निनाद-सान," पलीकडून आवाज आला, स्वच्छ मराठीत, "आम्ही पोहोचलो. हवा छान आहे. पण एक गोष्ट सांगायची होती."

"सांगा ना," मी कसाबसा म्हणालो.

"सकाळपासून विमानतळावर बोललो, हॉटेलात बोललो, टॅक्सीवाल्याशी बोललो." ओकुदा-साननी खोल नि:श्वास सोडला. "इथल्या लोकांचं हंगेरियन फारच अशुद्ध आहे हो! तुम्हीच इकडं या आणि यांचा एक वर्ग घ्या."

मी "हो" म्हणालो. परवा माझं विमान आहे.