मर लागलेला तुकडा

दिनकर गोळे गेल्याचं मला अमरावतीच्या कापूस बाजारात कळलं. अकोल्याहून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "शेटजी, फारमवाले गोळेसाहब नहीं रहे." माझा हात तेव्हा रुमालाखाली दुसऱ्या व्यापाऱ्याच्या हातात होता, बोटांच्या खुणांनी भाव चालला होता. मी सौदा पुरा केला. मग रिकाम्या बैलगाडीच्या दांडीवर बसून राहिलो... त्याच्याशी माझं भांडण मिटायचं होतं, ते तसंच राहिलं.

आम्ही अमरावतीला एका बाकावर शिकलो. वडील वारल्यावर मी शाळा सोडून कापसाच्या वजनकाट्यावर हमाली धरली. तो वकिलाचा मुलगा, शेतकी शिकून अकोल्याच्या सरकारी संशोधन शेतावर कापसाचा शास्त्रज्ञ झाला. पुढे मी स्वतःची अडत उभी केली, तरी अकोल्याला गेलो की त्याच्याकडे जेवल्याशिवाय परतत नसे. त्या शेतावर त्याने एक तुकडा मुद्दाम रोगट ठेवला होता. दरसाल तिथे कापूसच पेरायचा आणि मर रोगाने वाळलेली झाडं तिथेच गाडायची. कोणतंही नवं वाण आधी तिथे जगलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. झाड मान टाकू लागलं की तो ते उपटे, अंगठ्याच्या नखाने खोड चिरे आणि आतली रोगाची तपकिरी रेघ मला दाखवी. "पाह्य," एवढंच म्हणे.

पन्नास सालानंतर काही वर्षांनी त्याने एक लांब धाग्याचं वाण काढलं. चांगल्या जमिनीतल्या ओळींतली बोंडं फोडून मी धागा ओढून पाहिला आणि भाव मनातच ठरवून टाकला. बाळापूरपर्यंतच्या ओळखीच्या शेतकऱ्यांना बियाण्याचा शब्दही देऊन बसलो. पण रोगट तुकड्यात ते वाण उभ्या उभ्या वाळलं, आणि दिनकरने ते बाहेर सोडायला नकार दिला. मी पुष्कळ घासाघीस केली. निरोगी वावरापुरतं दे म्हटलं, दोन हंगामांपुरतं दे म्हटलं.

"इकशीन तू," तो म्हणाला, "पण बियानं कोनाच्या वावरात पडन, हे तुले ठाऊक हाय काय?"

त्याच सुमारास वरून समिती आली. देशातल्या कापूस शास्त्रज्ञांचा क्रम लावायचा होता आणि त्यावरून कापूस संशोधनाच्या मुख्याची जागा भरायची होती. कोणाचे निबंध किती, दुसऱ्यांनी त्यांचा आधार किती वेळा घेतला, कोणाचं वाण किती एकरांत पोचलं, असा तो हिशेब. मी आदल्या दिवशी जाऊन त्याला बजावलं, साहेबांना चांगल्या ओळी दाखव, मागे रोगट तुकड्याकडे नेऊ नकोस. त्याने त्यांना सरळ त्या वाळलेल्या तुकड्यात नेलं. तुमचं काम कुठे आहे, असं एकाने विचारलं, तेव्हा याने खोड चिरून पुढे धरलं आणि सांगितलं की हे वाण मी शेतकऱ्यांकडे जाऊ दिलं नाही. साहेबांनी मान हलवली आणि घड्याळ पाहिलं. न पेरलेल्या बियाण्याचे एकर ते कसे मोजणार?

दिनकरचं नाव शेवटाकडे लागलं. जागा दुसऱ्याला मिळाली. तो माणूसही लायक होता, पण माझा संताप आवरेना. मी दिनकरच्या ओसरीवर उभा राहून त्याच्या बायकोदेखत त्याला मूर्ख म्हटलं.

"त्याइले लावू दे क्रम," तो म्हणाला. "तू च्या पिऊन जा."

मी चहा न पिता निघालो. वर्षभर बोललो नाही. पुढे बोलू लागलो, पण हा वाद राहिलाच. त्या वाणाने माझं भलं झालं असतं, हे खरंच. पण त्याचं नाव झालं असतं ते झालं नाही, याची सल जास्त होती.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंथरुणावर होता. मी तोच विषय काढला. आता तरी कबूल कर, ते वाण निभावलं असतं, म्हणालो.

"निभावलंही असतं, गड्या. तेच तं मले मालूम नोतं."

एवढ्या वर्षांच्या भांडणात हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं.

मागच्या आठवड्यात वलगावला उभं पीक पाहायला गेलो होतो. धुऱ्याजवळ, बांधालगत, एका झाडाने मान टाकली होती. मालक भाव विचारत होता. मी झाड उपटलं आणि नखाने खोड चिरलं. आत रेघ होती. मी ते बाजूला धरून म्हणालो, "पाह्य..."

बाजूला दिनकर नव्हता, वावराचा मालक उभा होता.