रोबलेस, शाखा लेऑन

माझे सासरे मोरेश्वर वेळासकर यांच्याबद्दल चांगलं लिहावं असं मला कधी वाटलं नाही, आणि पुढे वाटेल अशी चिन्हंही नाहीत. पण माणूस आहे तसा लिहून ठेवायला काय हरकत आहे? त्यांनी आम्हा सगळ्यांबद्दल लिहून ठेवलंच आहे.

पुण्याच्या एका सहकारी बँकेतून ते निवृत्त झाले आणि लगेच वेळासकर कुलवृत्तांताचे संपादक झाले. वेळासहून उठून कोण सातारला गेला, कोण इंदूरला, कोण बडोद्याला, कोणाला मुलगे किती, मुली कुठे दिल्या, दत्तक कोण घेतला, हे सगळं त्यांच्या जाडजूड पुस्तकात आहे. कोण कसा होता, बायकोशी कसा वागायचा, हे मात्र त्यात कुठेच नाही. ‘आडनाव सांगा, बाकीचं मी सांगतो,’ हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नाआधी मला बघायला आले तेव्हा त्यांनी माझ्याशी एवढंच बोलणं केलं होतं. माझं शिक्षण, नोकरी वगैरे गोष्टी त्यांनी माझ्या वडिलांच्या आडनावावरून ओळखल्या असाव्यात.

नरेंद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सासू-सासरे दोघांना डब्लिनजवळ ल्यूकनला आमच्याकडे आणलं. आयर्लंड त्यांना फार आवडलं, आणि ते काही हिरवळीमुळे नव्हे. इथल्या लोकांनाही आडनावांची खोड आहे. मर्फी म्हटलं की ‘कॉर्कचे का?’ असं विचारतात. शेजारच्या मिसेस गेराटींना सासऱ्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, तुमचं मूळ रॉसकॉमन की गॉलवे? बाई खूश. ‘तुझे सासरे एकदम ग्रँड आहेत,’ असं मला म्हणाल्या. त्यांना काय जातंय म्हणायला, त्यांना सासऱ्यांबरोबर राहायचं नव्हतं.

कौमुदी माझी नणंद. गॉलवेला एमएस्सी करून ती तिकडेच, पश्चिमेला, शॅननच्या एका कंपनीत लागली आणि जवळच्या एनिसमध्ये राहू लागली. आधी एकदा तिने डब्लिनमध्ये सँडीफोर्डला नोकरी करणाऱ्या उपेंद्र नावाच्या मुलाविषयी घरी सांगितलं होतं. सासऱ्यांनी आडनाव विचारलं, ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. विषय संपला. उपेंद्रही पुढे कुणाशी तरी लग्न करून मोकळा झाला. त्यानंतर कौमुदी घरी आली की पाहुण्यासारखी बसायची.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. सासरे वरच्या छोट्या खोलीत कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं काम घेऊन बसले आणि आम्ही खाली त्यांना चहा पोचवणारी माणसं झालो. पुण्याचं कुलसंमेलन रद्द झालं, ते झूमवर घ्यायचं ठरलं. अध्यक्ष अर्थातच हे.

जुलैमध्ये प्रवासाला परवानगी मिळाली तशी कौमुदी आली. जेवणं झाल्यावर तिने सांगितलं, ‘बाबा, मी लग्न करतेय. मुलगा नर्स आहे, एनिसच्या हॉस्पिटलमध्ये. रॅमिल नाव त्याचं.’

‘आडनाव?’

‘रोबलेस. फिलिपिन्सचा आहे.’

आम्ही सगळे टीव्हीच्या रिमोटकडे बघत होतो. सासरे उठले आणि वर गेले. कौमुदीचा चेहरा पडला. तिला परवानगी नको होती, कमावती बाई ती, परवानगीवाचून तिचं काही अडत नव्हतं. तिला लग्नात बाप हवा होता. तेवढं एक तिला त्यांच्याकडून हवं होतं, आणि ते मिळतं की नाही याच्याच काळजीने ती एनिसहून आली होती.

दुसऱ्या दिवशी सासरे हसत खाली आले. हातात कागदांची चळत. एकेक कागद त्यांनी डायनिंग टेबलावर मांडला. रोबलेस हे स्पॅनिश आडनाव. रोबले म्हणजे ओकचं झाड. मूळ स्थान स्पेनच्या उत्तरेला, लेऑनच्या बाजूला. तिथून मेक्सिको, पेरू, इक्वाडोर, कोस्टारिका असा पसारा, आणि एक शाखा पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्सला. नकाशावर त्यांनी लाल पेनाने बाणसुद्धा काढले होते.

‘आपले लोक पेशव्यांबरोबर उत्तरेत गेले, तसे हे आरमाराबरोबर तिकडे गेलेले दिसतात,’ ते म्हणाले. ‘चांगलं जुनं घराणं आहे.’

‘बाबा, तो फिलिपिनो आहे,’ कौमुदी म्हणाली.

‘शाखा म्हटलं मी. इंदूरचे वेळासकर वेळासकर नाहीत का?’

आता हसावं की रडावं? गोरा युरोपी पूर्वज मिळाल्यावर या माणसाला गोत्र, प्रवर, माशाचं जेवण, चर्च, कशाचीच अडचण उरली नाही. बिचाऱ्या उपेंद्रला अस्सल मराठी असून दरवाजा बंद होता. मला इतका राग आला की मी भांडी आपटत प्रेसमध्ये, म्हणजे किचनच्या कपाटात, कोंबली. कौमुदी मात्र आनंदली होती. कारण चुकीचं असलं तरी बाप हो म्हणत होता. तिने वाद घातला नाही. मीही तिच्यासाठी गप्प बसले.

ऑगस्टमध्ये झूमवर संमेलन झालं. सासऱ्यांनी कोट घातला होता, खाली पायजमा. समारोपाला त्यांनी जाहीर केलं की आमच्या चि. कौमुदीचा विवाह स्पेनमधील प्राचीन रोबलेस घराण्याच्या फिलिपिन्स शाखेतील सुपुत्राशी ठरला आहे, आणि नव्या आवृत्तीत या घराण्याचा अल्पपरिचय देण्यात येईल. चौकटीचौकटीतून टाळ्या पडल्या. नागपूरचे हेमचंद्र वेळासकर, यांचे जुने प्रतिस्पर्धी, त्यांनीसुद्धा हात जोडले. त्या क्षणाचा सासऱ्यांनी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, डब्लिनवर पुन्हा निर्बंध यायच्या आधी, रॅमिल पहिल्यांदा घरी आला. बुटका, हसरा मुलगा, सलग ड्युट्या करून आलेला, डोळ्यांखाली मास्कचे वळ. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. त्याने मागून घेतल्या. विमल वेळासकरांच्या हातचं कुणी मागून खाल्लं की त्या माणसाला त्या जन्मभर विसरत नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं आणि ओळखलं, हा जावई पास झाला.

सासरे वही घेऊनच जेवायला बसले होते. ‘तुमचे मूळ पुरुष लेऑनहून कधी निघाले?’ त्यांनी इंग्रजीत विचारलं.

रॅमिलला आधी कळेना. कौमुदीने समजावलं. मग तो मनापासून हसला.

‘सर, आमच्या घरात कुणी स्पॅनिश नव्हता. मागे, आमच्यावर स्पेनचं राज्य असताना, एका गव्हर्नरला लोकांच्या नावांचा घोळ नको होता. कर गोळा करायला त्रास व्हायचा. मग स्पेनहून आडनावांचा एक कॅटलॉग आणला आणि त्याची पानं गावागावांत वाटली. आमच्या गावाच्या वाट्याला ‘आर’चं पान आलं. रामोस, रेयेस, रोबलेस, रोल्दान. ज्याने जे उचललं ते त्याचं. आमच्या गल्लीत सगळे ‘आर’च आहेत, आणि कुणी कुणाचा नातेवाईक नाही. पलीकडच्या वस्तीत रोबलेस आहेत, त्यांचाही आमचा काही संबंध नाही.’

‘त्याआधीचं नाव काय होतं?’

‘कुणाला आठवत नाही, सर.’

सासऱ्यांनी वही मिटली. ताटात अर्धी पोळी तशीच ठेवून ते उठले, हात धुतले आणि वर गेले. रॅमिल घाबरून म्हणाला, ‘मी काही चुकीचं बोललो का?’ सासूबाईंना इंग्रजी जेमतेम कळतं, पण त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि वर तूप घातलं.

रॅमिल परत गेल्यावर सासऱ्यांनी कौमुदीला वर बोलावलं. दार उघडंच होतं. मी जिन्यात कपडे घेऊन उभी होते, आणि तिथून हलले नाही.

‘जे झालं ते झालं,’ ते म्हणत होते. ‘आपण लेऑनच ठेवू. कोण तपासणार आहे? त्याला फक्त सांग की यापुढे ते कॅटलॉगचं बोलायचं नाही. संमेलनाला विचारलं तर हो म्हणायचं.’

‘खोटं सांगायचं?’

‘खोटं नाही. आडनाव स्पॅनिश आहेच ना?’

‘बाबा, तुम्ही लोकांचे दत्तक, पळून गेलेले, परत आलेले, सगळे चव्हाट्यावर मांडलेत. इंदूरच्या काकांनी हात जोडले तरी तुम्ही त्यांच्या आजोबांचं दुसरं लग्न छापलंत. आणि आता माझ्या नवऱ्याने स्वतःच्या पणजोबांबद्दल खोटं बोलायचं?’

‘ज्याला स्वतःचं कूळ माहीत नाही, त्याने माझ्या घरात आवाज चढवू नये.’

‘आवाज मी चढवलाय, बाबा. तो तर पोळी खाऊन गेला.’

त्याच रात्री कौमुदीने वेळासकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळी हकीकत जशीच्या तशी टाकली. कॅटलॉग, पान, ‘आर’, सगळं. खाली लिहिलं, ‘बाबांनी दिलेली माहिती चुकीची होती. मी रॅमिलशीच लग्न करणार आहे.’ मग हेमचंद्र वेळासकरांनी उचललेला अंगठा पाठवला, आणि त्या एका अंगठ्याने माझ्या सासऱ्यांचा जळफळाट झाला. त्यांनी जाहीर केलं की या लग्नाला आपण जाणार नाही.

पुढचे काही महिने घरात दुसरा विषय नव्हता. जो फोन करेल त्याला ते हेच ऐकवत. ‘मी नाही जाणार. तिने स्वतः येऊन माफी मागितली तर बघू.’ तेव्हा जानेवारी चालू होता, हॉस्पिटलं भरून वाहत होती. रॅमिल कोविडच्या वॉर्डात होता आणि कौमुदीशी खिडकीच्या काचेआडून बोलत होता. आणि इथे वर हे महाशय नकाराची वाक्यं घोळवत बसले होते. एकदा मी चहा घेऊन गेले तर ते मोठ्याने म्हणून बघत होते, ‘बापाच्या मानापेक्षा तुला तुझा हट्ट मोठा वाटला.’ मी कप आपटून ठेवला. बशीत सांडलेला चहा त्यांनी तसाच प्यायला.

फेब्रुवारीत लग्न ठरलं. नियम होता फक्त सहा पाहुण्यांचा. लग्नासाठी प्रवासाला मुभा होती. सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. सासरे कोट घालून जिन्याच्या पायथ्याशी उभे. दाढी केलेली, बूटसुद्धा घातलेले. मला आधी वाटलं, विरघळले.

‘कौमुदीने माझ्याबद्दल काही विचारलं?’ त्यांनी नरेंद्रला विचारलं.

‘नाही, बाबा.’

‘मग तिला सांग, मी येत नाही. म्हणावं, बापाच्या मानापेक्षा...’

सासूबाई खाली वाकून बॅगची चेन लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

‘कुणाला काय सांगायचंय?’ त्या म्हणाल्या. ‘तुम्हाला बोलावलेलंच नाही. आम्ही तिघं, त्याचा एक चुलतभाऊ आणि वॉर्डातले दोघं. झाले सहा.’

मला त्या क्षणी त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. कोट घातलेला माणूस आपल्याच घराच्या जिन्यात उभा, आणि त्याच्याकडून नकार घ्यायलासुद्धा कुणी नाही. आम्ही गाडीत बसलो. एनिसमध्ये लग्न झालं, रॅमिलची आई व्हिडिओवर रडली, सासूबाईंनी जावयाचे पाय धुवायचा हट्ट धरला आणि तो लाजून मागे सरकला. नरेंद्रचा फोन दोनदा वाजला. ‘बाबा आहेत,’ तो म्हणाला. कौमुदी म्हणाली, ‘नको उचलूस,’ आणि त्याने नाही उचलला.

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती दिवाळीच्या सुमारास पार्सलने आली. कौमुदीला तेव्हा नववा महिना लागला होता, आणि सासूबाई बाळंतपणासाठी एनिसला निघाल्या होत्या. नरेंद्रने सहज पान उघडलं आणि तिथेच थांबला. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. ‘कौमुदी. एमएस्सी. वास्तव्य आयर्लंड. अविवाहित.’

नरेंद्र तसाच वर गेला, मागोमाग मी. ‘बाबा, हे काय छापलंत तुम्ही?’

‘माझ्याकडे ज्याची खात्रीलायक माहिती असते तेवढंच मी छापतो,’ सासरे म्हणाले. ‘त्या लग्नाला मी हजर नव्हतो.’

सासूबाई हळूहळू जिना चढून वर आल्या. त्यांनी चष्मा लावला, ती ओळ वाचली. मग बोटाने त्याच पानावर वर सरकत स्वतःच्या नावाशी आल्या. ‘मोरेश्वर. पत्नी विमल.’ तिथे बोट ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘पुढच्या आवृत्तीत हेही खोडा.’

‘काय बोलतेस तू?’

‘खोडा म्हणते. मी लेकीकडे चालले. परत यायचं ठरवलेलं नाही.’

ते हसायला गेले, पण कुणी हसलं नाही म्हणून थांबले. मग त्यांनी मला विचारलं, ‘ही खरंच निघाली का गं?’ सासूबाईंची बॅग दारात तयार होती आणि नरेंद्रने खाली जाऊन गाडी सुरू केली होती.