हायवेवरचं दुसरं शोरूम

वाशीत आमचं गाड्यांचं शोरूम होतं. जासईची जमीन बंदराच्या कामात गेली, तिच्या मोबदल्यातून वडिलांनी ते उभं केलं. पुढे मी सांभाळलं, कार कंपनीशी डीलरशिपचा करारही माझ्या सहीने नव्याने झाला. कंपनीचे विभागीय मॅनेजर दिवाळीला घरी जेवायला यायचे, माझ्या बायकोला ‘वहिनी’ म्हणायचे. त्यांच्याच आग्रहावरून मी चांगलं चाललेलं शोरूम पाडून कंपनीच्या नव्या नमुन्याप्रमाणे पुन्हा बांधायला घेतलं. फरशीसुद्धा त्यांनी सांगितली तीच.

रंगकाम चालू असताना एक जुनं गिऱ्हाईक आलं. “शेठ, हायवेवरची तुमची नवीन शाखा मस्त झालीये!”

माझी कुठलीच शाखा नव्हती. तसाच गाडी काढून गेलो. तीच फरशी, त्याच काचा, मालक दुसराच. उद्घाटन चाललं होतं आणि आमचे मॅनेजर गळ्यात हार घालून दारात उभे होते.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “तुम्हाला सांगणारच होतो.”

“घरी जेवताना का नाही सांगितलंत?”

“वरून ऑर्डर होती हो. टेन्शन घेऊ नका, मार्केट मोठं आहे.”

त्यानंतर खपणाऱ्या गाड्या तिकडे जाऊ लागल्या आणि पडून राहणाऱ्या माझ्या यार्डात उतरू लागल्या. मी घ्यायला नकार दिला, तर डीलरशिप काढून घेत असल्याची नोटीस आली.

वकीलबाईंनी करार वाचला. “सही करताना बदल का नाही मागितलात?”

“मागितले असते तर डीलरशिपच मिळाली नसती.”

“काही देशांत सबळ कारणाशिवाय डीलरला काढता येत नाही, शेजारी दुसरा बसवता येत नाही. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. लवादाकडे जाऊ, पण करारानुसार तोही कंपनीच्याच शहरात बसणार.”

तरी गेलो. ओळखीच्या डीलरांनी फोनवर हळहळ व्यक्त केली. साक्षीला एकही आला नाही. शेवटी माझ्याकडे पडून राहिलेल्या गाड्या कंपनीने परत नेल्या, एवढंच पदरात पडलं. पाटी उतरवली त्या दिवशी बायको म्हणाली, “कंपनीचं मला काही वाटत नाही. पण तो माणूस माझ्या हातचं जेवत होता.”

आता तिथे आम्ही सगळ्याच कंपन्यांच्या गाड्या दुरुस्त करतो. मध्यंतरी हायवेवरच्या त्या डीलरचा फोन आला. कंपनी त्याच्याही शेजारी कुणाला तरी बसवत होती.

“तुम्ही काय केलं होतं तेव्हा?” त्याने विचारलं.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वकीलबाईंचा नंबर दिला आणि फोन ठेवला.