काकांच्या वाटची बोलणी

सोन्याची तस्करी म्हटल्यावर तुम्ही जरा सावरून बसला असाल. विमानतळ, काळा चष्मा, मागे जीप, ठो ठो गोळ्या. तर सॉरी. माझ्या गोष्टीत सगळ्यात जास्त पळापळ हायकोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं केली, आणि गोळ्या म्हणाल तर फक्त काकूच्या बीपीच्या. एवढ्यावर भागत असेल तर थांबा.

मी मोहालीत एका कंपनीच्या कस्टमर केअरला आहे. दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि गोड बोलायचं. आवाज काढणं हा माझा शाळेपासूनचा रोग. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात एकदा माईकवर हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्खी शाळा दुपारीच सोडून दिली होती. हेडमास्तर स्वतःसुद्धा दप्तर घेऊन निघालेले, मग त्यांच्या लक्षात आलं.

राहायला मी चंदीगडच्या मनीमाजऱ्यात, काका-काकूंच्या वरच्या खोलीत. सख्खे नव्हेत, आमच्याच तालुक्यातले गलाईवाले. आमच्याकडची माणसं देशातल्या कुठल्याही शहरात जा, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत भट्टी मांडून बसलेली सापडतात. सोनाराचं जुनं सोनं, चुरा, झाडलोटीतली घाण वितळवायची आणि शुद्ध सोनं काढून द्यायचं, ही गलाई. काका मिसरूड फुटायच्या आधी पंजाबात आले. शिक्षण मराठी सातवी. पंजाबी फाडफाड बोलतात, पण तिला आटपाडीचा वास येतो.

काकांचा आवाज हा माझा हुकमी आयटम. आधी खोकला, मग शब्द. तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, धूर खाऊन खाऊन नाक कायमचं बसलेलं, आणि वाक्य संपलं की ‘बरं का’. मी त्यांच्यासमोर त्यांनाच करून दाखवायचो आणि काका कपातला चहा सांडेपर्यंत हसायचे.

मग कुठल्याशा विमानतळावर एक माणूस पकडला गेला. अंगावर सोन्याचा लगदा. म्हणजे सोन्याची पूड कसल्यातरी चिकट मसाल्यात कालवायची आणि प्लास्टिकच्या पुडीत बांधून आणायची. ती जाळली की सोनं मागे राहतं. त्या माणसाच्या फोनमध्ये काकांचा नंबर निघाला. काकांनी त्याला पूर्वी असली एक पुडी जाळून दिली होती, आणि विचारल्यावर तसं सांगूनही टाकलं. गलाईवाला गिऱ्हाइकाला सोनं कुठून आणलं ते विचारत नाही, धंद्याची रीतच आहे ती. अटक झाली, जामीन झाला, काका परत भट्टीवर बसले. काकूनं गल्लीत लाडू वाटले.

नंतर काही महिने सगळं थंड. आणि एक दिवस पोलीस परत आले. या वेळी कागद वेगळा होता. प्रतिबंधात्मक स्थानबद्धता. तुम्ही काय केलंत हा प्रश्नच नाही. पुढे काही कराल अशी सरकारला शंका आहे, म्हणून आधीच आत ठेवायचं, एक वर्षापर्यंत. खटला नाही, साक्षीदार नाही, जामीन तर नाहीच. मी काकूला म्हणालो, “या हिशोबानं मला बालवाडीतच उचलायला हवं होतं.” काकू हसली नाही. तिच्या हातात तेव्हा काकांची चप्पल होती. पोलिसांनी घालायलाही वेळ दिला नव्हता.

हायकोर्टात आव्हान द्यायचं ठरलं. वकीलसाहेब पंजाबी, बोलायला लाडवासारखे. “एकदम साफ केस है जी,” म्हणाले. जामीन मिळून महिने झाल्यावर आता कसली घाई? आत ठेवायच्या कारणांची कागदपत्रं इंग्रजीत आणि हिंदीत, आणि माणूस मराठी सातवी. काकांनी जेलमधून सरकारला विनंती अर्ज पाठवलेला, तो कुणी उघडलासुद्धा नव्हता. “अगली डेट पे काका जी घर. पक्का.”

काकांनी भेटीच्या वेळी काचेपलीकडून काकूला एकच गोष्ट बजावली. आईला कळता कामा नये.

काकांची आई, म्हणजे आजी, गावाकडे एकटी. कमी ऐकू येतं, बटणांचा फोन. दर रविवारी दुपारी काकांचा फोन जाणार, हे घड्याळाच्या काट्यासारखं ठरलेलं. जेलमधून फोन करता येतो, पण आधी तो नंबर पोलीस तपासतात. म्हणजे गावच्या ठाण्यातला हवालदार आजीच्या दारात. काका म्हणाले, त्यापेक्षा फोन नको. गावात ज्यांना बातमी कळली ते गप्प राहिले. प्रत्येकाचा भाऊ नाहीतर मेव्हणा कुठल्यातरी भट्टीवर आहे, आणि नंबर काय, सगळ्यांच्याच फोनमध्ये असतात.

रविवार आला. काकूनं फोन माझ्यापुढे ठेवला.

“कर त्यांचा आवाज.”

“काकू, काहीतरीच काय?”

“एवढ्या तारखेपुरता. एरवी नको म्हटलं तरी करतोस की.”

मी घसा बसवला, खोकलो. “आई, मी बोलतोय, बरं का.”

“जेवलास?”

“जेवलो.”

“काय हुतं?”

“राजमा.”

“त्यो राजमा सोड, वातूळ असतोय. आवाज का असा येतुया रं?”

मी आणखी एकदा खोकलो. “धूर, आई. तेजाबाचा.”

“मर त्या धुरातच एक दिस,” म्हणाली आणि फोन ठेवला. काकूनं कपाळाचा घाम पुसला. मी मात्र खूश. हेडमास्तरांनंतर एवढा मोठा प्रयोग झालाच नव्हता.

ती तारीख गेली. सरकारी वकिलांना उत्तराला वेळ हवा होता. पुढच्या तारखेला उत्तर आलं, पण कोर्टाच्या फाइलला लागलंच नव्हतं. त्याच्या पुढच्या तारखेला जजसाहेब रजेवर. प्रत्येक वेळी वकीलसाहेब “कोई ना जी”, म्हणजे काही हरकत नाही, म्हणायचे आणि माझे रविवार वाढायचे. शिफ्ट नसली की मी कोर्टात जाऊन मागे उभा राहायचो. सरकारी वकील पुढची तारीख अशी मागायचे, जशी आपण पाणीपुरीवाल्याकडे एक सुकी मागतो. भाषेच्या मुद्द्यावर म्हणाले, “मराठी और हिंदी की लिपि एक ही है, माय लॉर्ड. पढ़ लेगा.” लिपी तर नेपाळीचीही तीच आहे. एकदा एका गिऱ्हाइकाची नेपाळीत लिहिलेली तक्रार मी अशी वाचली होती की त्यानं कनेक्शनच काढून टाकलं.

मग एक दिवस जज भडकले. सरकारी फाइल दिल्लीहून आलीच नव्हती. “बंदा यहाँ अंदर बैठा है और आपकी फाइल दिल्ली में घूम रही है? अगली तारीख को फैसला होगा. और टाइम नहीं.” सरकारी वकिलांनी तारीख लिहून घेतली. बाहेर आल्यावर वकीलसाहेबांनी काकूला नमस्कार केला आणि गाडीतून मिठाई काढून खायला लावली.

त्या रविवारी आजीनं विचारलं, “औंदा जत्रंला येतोस न्हवं?”

गावची जत्रा त्या तारखेनंतर लगेच होती. गलाईवाले वर्षभर कुठेही असोत, जत्रेला गावात येतातच. मी काकूकडे बघितलं. काकूनं मान डोलावली. नुसती नाही, दोनदा. मी खोकलो आणि म्हणालो, “येतो आई. बरं का.”

“कंच्या गाडीनं?”

“सकाळच्या.”

तारखेच्या दिवशी आम्ही कोर्टात गेलो तर जज दुसरेच. कुठल्या जजकडे कुठल्या प्रकारच्या केसेस, याची वाटणी मधून मधून बदलते, तशी ती बदलली होती. नव्या साहेबांनी फाइल उघडली, चष्मा पुसला आणि विचारलं, “क्या मॅटर है?” वकीलसाहेब पहिल्या पानापासून सुरू झाले. तिसऱ्या पानावर जेवणाची वेळ झाली. पुढची तारीख सुट्ट्यांनंतर. मी काकूला हसवायला म्हणून नव्या जजसाहेबांचं चष्मा पुसणं करून दाखवलं. ती चालत सुटली, कोर्टाजवळच्या तळ्याच्या दिशेला. रिक्षा करून पाठोपाठ जावं लागलं.

आता आजीला कळवायला हवं होतं. काकू म्हणाली, आज नको, उद्या. उद्या म्हणाली, काय सांगायचं? करता करता जत्राच आली आणि गेली. पुढच्या रविवारी मी फोन लावला. खोकायच्या आधीच पलीकडून सुरू झालं.

“कुनी सांगितलं हुतं तुला येतो म्हनायला? आँ? म्या मागं लागले हुते? सकाळधरनं थांब्यावर बसले. एक गाडी आली, दुसरी आली. रानात जानाऱ्या बाया इचारत्यात, आजी कुनाची वाट बगताय. म्हटलं, माजं पोरगं येतंय पंजाबातनं. सांजच्याला त्याच बाया परत आल्या. मी तितंच. तोंड कुटं लपवायचं हुतं म्या? निवदाच्या पोळ्या कुत्र्याला घातल्या. येत न्हाई म्हन, ऐकायची सवय हाय मला. खोटं कशापायी बोललास? तुज्या बापानं जल्मात काय कमवलं न्हाई, पर खोटं बोलला न्हाई. सोनं शुद्ध करतोस व्हय रं? आदी जीभ शुद्ध कर.”

मी रोज शिव्या खातो. त्यासाठीच पगार मिळतो. ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो’ हे वाक्य मला झोपेत येतं. तेव्हा मात्र नुसता फोन धरून बसलो. मग आजी म्हणाली, “खोकल्याला काय घेतोस?” मी खोकून दाखवलं. त्यानंतरचे रविवार ती नेहमीसारखं, जेवलास का, एवढंच विचारायची.

सुट्ट्या संपल्या, तारखा पडत राहिल्या, आणि वर्ष भरलं. कुणाच्या हुकमानं नाही, कॅलेंडरच्या हुकमानं काका सुटले. संध्याकाळी जेलच्या दारातून बाहेर आले, केस पांढरे, हातात पिशवी. पुढची तारीख तोंडावरच होती. काका म्हणाले, मी येणार. स्वतःच्या केसला ते पहिल्यांदाच हजर राहिले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, मुलगी बघायला आल्यासारखे मागच्या बाकावर बसले.

नंबर पुकारला. सरकारी वकील म्हणाले, बंदा सुटला आहे. जज म्हणाले, मग अर्जात काही उरलं नाही. निकाली. पुढचा नंबर.

काकांना कळलंच नाही की झालं. बाहेर व्हरांड्यात त्यांनी वकीलसाहेबांचा कोट धरला. “म्हणजे मला आत ठेवलं ते बरोबर होतं की चूक?”

“काका जी, वो सवाल अब बचा ही नहीं.”

“मग वर्षभर कशावर बोलत होता तुम्ही?”

“घर जाओ जी. रोटी खाओ, आराम करो.” दुसरा अशील आला आणि वकीलसाहेब त्याला म्हणाले, “अगली डेट पे पक्का.”

मूळचा खटला, ज्यात काकांना जामीन मिळाला होता, तो अजून उभाही राहिलेला नाही.

घरी आल्यावर काकांनी आईला फोन लावला. काकूनं त्यांना जत्रेचं सगळं सांगितलं होतं. ते ताठ बसले होते, मार खायला पुढे केलेल्या हातासारखे.

“आई, मी.”

“जेवलास?”

“जेवलो. आई, ते जत्रेला मी...”

“ऱ्हाऊ दे आता. तवाच बोलून घेतलंय म्या, आता काय न्हाई मनात. आज आवाज येगळाच लागतोय तुजा. खोकला गेला जनू. बरं झालं बाबा.” आणि फोन ठेवला.

वर्षभर भट्टी नाही, धूर नाही. काकांचा खोकला खरंच गेला होता. आमच्या कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

काका फोनकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, “काय बोलली होती?”

“जाऊ द्या ना काका. म्हातारं माणूस.”

“म्हण.”

“म्हणजे कसं, माझ्या भाषेत सांगू का...”

“तिच्या आवाजात म्हण.”

मी काकूकडे बघितलं. ती आत निघून गेली. मी आजीचा आवाज लावला आणि थांब्यावरच्या बायांपासून कुत्र्याच्या पोळ्यांपर्यंत सगळं म्हटलं. काका मान खाली घालून ऐकत होते. ‘आदी जीभ शुद्ध कर’ला त्यांनी हळूच मान हलवली.

“झालं?”

“झालं.”

“अक्कल आहे का रे तुला?” काका उभे राहिले. “ती बोलायला लागल्या लागल्या फोन कट करायचा होतास. रेंज गेली म्हणायचं होतं. दिवसभर कंपनीत तेच करता ना तुम्ही? ती पुडी भट्टीत टाकली तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला मला. कुठल्या सोनाराच्या सोन्याला असला वास येतो? कळत होतं. विचारलं नाही. वर्षभर आत बसून वाट बघितली, कुणीतरी तोंडावर म्हणेल, का विचारलं नाहीस रे? साहेबानं विचारलं नाही, जजनं विचारलं नाही. मला कुणी काही बोलायलाच तयार नाही! म्हटलं, आई तरी बोलेल, कशावरनं का होईना. तर ते तू आधीच खाऊन बसलायस. माझ्या घरात राहा, माझ्या ताटात जेव, पण माझ्या आईची बोलणी माझी होती, गाढवा. आणि तो खोकला बंद कर तुझा. मला आता खोकला येत नाही.”